दुसऱ्या नातेवाइकाचं नाव

१

मंगळवार आणि शुक्रवार हे आमचे डायलिसिसचे वार. काशप्पाची ऑटो नऊला फाटकाशी येते. आमच्या मैलूर वस्तीपासून ट्रस्टच्या हॉस्पिटलपर्यंत बारा मिनिटं लागतात. माझ्या हातात एक पिशवी असते. तिच्यात मोजून भरलेली पाण्याची बाटली, एक शाल आणि गीताबाईची फाइल. मशीनवर ती चार तास असते आणि मी शेजारच्या प्लास्टिकच्या स्टुलावर. चौदा महिने हे असंच चाललं आहे आणि या चौदा महिन्यांत माझा एकही वार चुकलेला नाही.

हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण पुढे जे सांगायचं आहे त्यात मी तिथे होतो की नव्हतो, हाच प्रश्न निघाला.

मी संख्याशास्त्राचा प्राध्यापक होतो. जनगणनेत होणाऱ्या चुका हा माझ्या प्रबंधाचा विषय होता. त्यातही, घरात नसलेली माणसं मोजणीत कशी शिरतात, हा. असा माणूस नोंदींच्या बाबतीत बेफिकीर नसतो. पण माझं वय चौऱ्याहत्तर आहे. चष्मा कुठे ठेवला हे मी दिवसातून दोनदा विसरतो. तेव्हा माझ्या सांगण्याला किती वजन द्यायचं, ते वाचणाऱ्याने ठरवावं.

२

जूनमध्ये हॉस्पिटलने कागद बंद केले. सगळ्यांच्या फायली कॉम्प्युटरवर गेल्या. घरच्यांना फोनवर ॲप मिळालं. त्यात रिपोर्ट दिसतात, औषधं दिसतात, फाइल कोणी कधी उघडली तेही दिसतं. 'घरच्यांची नोंद' म्हणून एक चौकोन आहे. नातेवाइकाने त्यात लिहिलं की ते नर्सला दिसतं.

काउंटरवर अनिलकुमार असतो. पन्नाशीचा, गोड बोलणारा, जर्दा खाणारा माणूस. ही माहिती कुठे साठवता, पासवर्ड कोणाकोणाला माहीत असतो, असं मी त्याला तीनदा विचारलं.

"सर," तो म्हणाला, "तुमच्यावानी इचारणारा एक बी पेशंट न्हाई बघा. लोकं माझ्यासमोर मोठ्यानं पासवर्ड म्हणून दाखवत्यात."

मग त्याने फॉर्म उघडला. पहिला नातेवाईक मी. माझं वय टाकल्यावर खाली एक लाल चौकट आली. पहिला नातेवाईक सत्तरच्या वर असेल तर दुसरा लागतोच.

"आम्हाला कोणी नाही," मी म्हणालो.

"भाऊ, पुतण्या, कुणीबी चालतंय. त्याच्याबिगर पुढं जाईना झालंय. तुमीच टाका सर, मराठी टायपिंग मला जमत न्हाई." त्याने कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. माझ्यामागे रांग होती. कोणीतरी खाकरलं.

मी नाव टाकलं. मंजुश्री. नातं, मुलगी. वय, एकेचाळीस.

हे नाव मी कोणालाच सांगितलेलं नव्हतं. १९८४ साली बसवकल्याणला आम्हाला मुलगी झाली, ती रडलीच नाही. बारशाच्या आधी नाव ठरवू नये म्हणतात, पण मी ठरवून ठेवलं होतं, मनातल्या मनात. गीताबाईलाही बोललो नव्हतो. त्या दिवशी काउंटरवर ते बोटांतून निघालं. वयाचा हिशेबसुद्धा बोटांनीच केला.

आता नंबर हवा होता. तीस वर्षं मी यादृच्छिक, म्हणजे कसल्याही क्रमाविना आलेल्या अंकांचा तक्ता शिकवला. त्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावरची एक ओळ मला अजून पाठ आहे. पुढे नऊ लावला आणि तिच्यातले अंक टाकले.

फॉर्म पुढे गेला. अनिलकुमार म्हणाला, "झालं की!"

३

पुढच्या मंगळवारी गीताबाईच्या मानेतल्या नळीला मशीन जोडलं गेलं आणि माझ्या फोनवर संदेश आला. "गीताबाई यांचे डायलिसिस सुरू झाले. सोबत: मंजुश्री, मुलगी."

मी स्टुलावर होतो. तिची शाल माझ्या मांडीवर होती.

मी काउंटरवर गेलो. "सिस्टीम कुठलंबी एक नाव उचलतंय सर," अनिलकुमार म्हणाला. उत्तर पटण्यासारखं होतं. दोन नावांतलं एक, पन्नास टक्के. पण शुक्रवारीही तेच नाव आलं. त्याच्या पुढच्या मंगळवारीही. सहा वेळा तेच आलं, तेव्हा मी शक्यता काढणं सोडून दिलं.

घरी येऊन फाइल कोणी कधी उघडली ते पान पाहिलं. डॉक्टर, नर्स जगदेवी, लॅब, मी. आणि 'नातेवाईक दोन'. रोज एकदा, दुपारी दोन ते तीनच्या मध्ये. या वेळेत मी जेवून आडवा झालेला असतो.

मी घाबरलो, पण ती भीती साधी होती. मी खोटा नंबर दिला होता, तो कोणाचा तरी निघाला होता, आणि एक अनोळखी माणूस माझ्या बायकोचे रिपोर्ट रोज वाचत होता. चूक माझी होती. चार पिढ्यांत जेवढं शिक्षण झालं नव्हतं तेवढं मी एकट्याने केलं, आणि एका लाल चौकटीला घाबरून बायकोचं आजारपण रस्त्यावर ठेवलं.

मी तो नंबर लावला. आधी कन्नडमध्ये आणि मग हिंदीत एक बाई म्हणाली, आपण लावलेला नंबर अस्तित्वात नाही. पुन्हा लावला. अकरा वेळा लावला. बाई न कंटाळता तेच सांगत राहिली.

शुक्रवारी अनिलकुमारने स्क्रीन माझ्याकडे वळवली. मंजुश्रीच्या नावापुढे हिरवी खूण होती.

"त्या नंबरवर ओटीपी गेला सर. तिनं तो परत टाकला, तवाच हिरवं झालंय. त्याच्याबिगर व्हईना."

"तो नंबर नाहीच आहे, अनिलकुमार."

"मग हिरवं कसं व्हईल?" तो म्हणाला. हा प्रश्न तो मला विचारत होता.

४

घरात तीन खोल्या. पुढची खोली, मधली, आणि मागे स्वयंपाकघर. स्वयंपाकघराला एक खिडकी, तिला जाळी. जाळीपलीकडे बंद पडलेली बोअर आणि कंपाउंडची भिंत. हे सगळं मी त्या आठवड्यात तपासलं, कारण 'घरच्यांची नोंद' या चौकोनात गुरुवारी एक ओळ आली होती.

"आईने आज दुपारी एक पेला ताक चोरून प्यायले. उद्या वजन जास्त भरेल."

खाली वेळ होती, दोन वाजून चाळीस मिनिटं. मी तेव्हा झोपेत होतो.

डायलिसिसच्या माणसाला पाणीसुद्धा मोजून असतं. मी गीताबाईला विचारलं. ती पुढच्या खोलीत भेंडी चिरत बसली होती. तिने विळी थांबवली.

"व्हय, पिले. एक पेला. तोंड कोरडं पडायलंय सारखं. तुमाला कुणी सांगितलं? घोरायला तर लागला व्हता तुमी."

"तेव्हा घरात कोण होतं?"

"कोण असंल? तुमी आन् मी."

"गीता, नीट आठव."

ती हसली. "अहो, ताक पिलंय, चोरी न्हाई केली कुणाची. कामून असं घाबरायलाव?"

दुसऱ्या दिवशी वजन साडेचारशे ग्रॅम जास्त भरलं. जगदेवी नर्स कोरडेपणाने म्हणाली, "ताक का, अक्का?" गीताबाई लहान मुलीसारखी लाजली.

माझ्याकडे अजून एक स्पष्टीकरण होतं आणि तेच मला सगळ्यांत जास्त झोंबत होतं. या ओळी मीच लिहीत असेन. दुपारच्या झोपेत उठत असेन, ताक पिताना तिला बघत असेन, फोन घेऊन लिहीत असेन, आणि विसरत असेन. या वयात असं होतं. त्या दिवसापासून दुपारी फोन कपाटात ठेवायचा, कुलूप लावायचं आणि किल्ली जानव्याला बांधून झोपायचं, असं मी सुरू केलं.

नोंदी येत राहिल्या. कपाटातून फोन काढला की नवी ओळ असायची. "आईला रात्री पायात गोळे येतात, ती सांगत नाही." "आईची डावी टाच भेगाळली आहे." गीताबाईच्या टाचेला तेल लावताना मी पाहिलं. भेग होती. पन्नास वर्षं सोबत राहून ती मला दिसली नव्हती.

५

मानेतली नळी पिकत चालली होती. थंडी वाजून ताप यायचा. डॉक्टर म्हणाले, आता हातातली नस धमनीला जोडून घ्यायला हवी, म्हणजे मशीन हातालाच लावून नळी काढता येईल. ते ऑपरेशन करणारे सर्जन कलबुर्गीहून महिन्यातून एकदा येतात. ही तारीख हुकली तर पुढची एक महिन्याने. "एवढे दिवस ही नळी थांबणार नाही," ते म्हणाले. विष रक्तात गेलं तर काय, ते त्यांनी बोलून दाखवलं नाही.

ऑपरेशनच्या आदल्या सोमवारी मी कपाट उघडून फोन काढला.

"आईला पेनिसिलिनच्या जातीचं इंजेक्शन चालत नाही. माझ्या वेळी दिलं होतं तेव्हा अंगभर गांधी उठून श्वास कोंडला होता. हे बाबा लिहायला विसरले."

मी ॲप बंद करून पुन्हा उघडलं.

हे खरं होतं. बसवकल्याणच्या दवाखान्यात त्या दिवशी इंजेक्शन दिल्यावर गीताबाई निळी पडली होती, आणि तिच्याकडे धावाधाव चालू असताना बाळाच्या नाकातोंडातलं पाणी काढायला कोणी बघितलंच नाही. चाळीस वर्षांत मी हे कोणाला सांगितलेलं नाही. जूनमध्ये फॉर्म भरताना 'कुठल्या औषधाचा त्रास' यापुढे मी 'नाही' लिहिलं होतं.

मी 'माझ्या वेळी' हे दोन शब्द किती वेळा वाचले, मोजलं नाही.

६

मंगळवारी, ऑपरेशनच्या तीन दिवस आधी, मी लेखी अर्ज दिला. माझ्या पत्नीच्या फायलीत अस्तित्वात नसलेल्या व्यक्तीचं नाव आहे, ते मीच टाकलं होतं, कृपया काढावं. अनिलकुमारने तो वाचला आणि हळूच म्हणाला, "तिचं नाव काढायचं तर ओटीपी तिच्याच नंबरवर जातंय, सर."

मग मी जगदेवीला गाठलं. तिला स्वच्छ सांगितलं, "आम्हाला मुलगी नाही. ती जन्मतानाच वारली."

जगदेवीने माझा हात धरून मला स्टुलावर बसवलं. या बाईने कधी कोणाचा हात धरलेला मी पाहिला नव्हता.

"बसा हो सर. पाणी पिता का थोडं?"

"तुम्ही तिला पाहिलंय? एकदा तरी?"

"म्या कुठं बघणार, मशिनींतून मान वर निघती का माझी? पण नोंदी किती नीट असत्यात तिच्या. ते इंजेक्शनचं तिनं सांगितलं नसतं तर शुक्रवारी काय झालं असतं? लई गुणाची लेक हाय तुमची." ती मशीनकडे वळली. "असू द्या. व्हतं या वयात."

तेव्हा मला कळलं की तिने काहीतरी वाचलेलं आहे. मी ॲप उघडलं. सकाळी सव्वानऊची नोंद होती. सव्वानऊला मी ऑटोतून उतरत होतो, फोन खिशात होता.

"बाबांना अलीकडे आठवत नाही. त्यांना मुलगी नाही असं ते म्हणतील. वाद घालू नये, बसवून पाणी द्यावे."

मी हातातला पेला पाहिला. अर्धा पिऊन झाला होता.

त्या संध्याकाळी मी गीताबाईला विचारणार होतो. आपल्याला मुलगी नाही ना, एवढंच. ती देवाजवळ वाती वळत बसली होती. मी दोनदा तोंड उघडलं. ती 'न्हाई' म्हणेल याची मला खात्री होती, तरी विचारलं नाही. खात्री होती म्हणजे किती टक्के, ते मला सांगता आलं नसतं.

७

शुक्रवारी अकराच्या सुमारास ती आम्हाला आत घेऊन गेली. ती म्हणजे जगदेवी. गीताबाईला खाटेवर घेतलं आणि मला सही करायला काउंटरवर पाठवलं. तिथे कसली सही नव्हती. परत आलो तर वॉर्डच्या दाराशी पिराप्पा उभा. वॉचमन, उंच, हातात नोंदीचं मशीन.

"मास्तर, आत एकच माणूस. पास गेलाय आत."

"कोणाला दिलास?"

"लेकीला की तुमच्या. यादीत नाव आलं, म्या टिक केलं."

"कशी होती ती, पिराप्पा?"

त्याने मशीनवर बोट फिरवलं. "कशी म्हंजे... अक्काच्या लेकीवानी. तोंड बघितलं न्हाई खरं सांगायचं तर. मशीनवर बघायलो व्हतो. आंग धुऊन आल्यावानी पाणी सांडत गेली, म्या म्हटलं बाहीर पाऊस हाय का काय."

बाहेर लख्ख ऊन होतं. फरशी कोरडी दिसत होती. मी वाकून हात फिरवला नाही.

दाराला ताटलीएवढी गोल काच आहे. तिच्यातून खाटेचा वरचा अर्धा भाग दिसतो. गीताबाई पाठमोरी, कुशीवर झोपलेली होती. तिला वर्षभर डावा हात वर नेता येत नाही. वेणी मी घालतो, वाईट घालतो. आता तिचे केस खाटेच्या कडेवरून खाली सुटले होते आणि त्यांचे तीन पेड एकमेकांवरून जात होते. एक वर, एक खाली, पुन्हा एक वर. घट्ट, सरळ वेणी. जिथे काच संपते तिथून दोन बोटं आली आणि शेवटचा पेड ओढून घेऊन गेली.

बोटं पांढरी होती आणि सुरकुतलेली. म्हातारीची नव्हेत. फार वेळ पाण्यात राहिल्यावर होतात तशी.

गीताबाई हसत होती. तिचे खांदे हलत होते.

मी दार ढकललं नाही. पिराप्पा वाटेत होता असं मी नंतर स्वतःला सांगितलं.

मागून अनिलकुमार धावत आला. पहिल्यांदाच त्याच्या तोंडात जर्दा नव्हता. "सर, घोटाळा झालाय. तुमच्या त्या अर्जानं फाइल अडकली. दोन नातेवाईक, एक म्हणतंय दुसरं न्हाईच. भूलवाले डॉक्टर म्हणत्यात, एक नाव ऱ्हाईल तवाच सुरू करतो. बारापर्यंत सुरू झालं न्हाई तर सर्जन निघून जाणार कलबुर्गीला."

"मग तिचं काढा."

"तिला ओटीपी चार बार पाठवला. ती देईना. उलट तिनंच तुमचं काढायला टाकलंय. तुमच्या फोनवर आला असंल बघा."

आला होता. "नातेवाईक एक यांचे नाव कमी करण्याची विनंती. विनंती करणार: मंजुश्री, मुलगी. मान्य असल्यास पुढील सहा अंक काउंटरवर सांगावेत."

घड्याळात अकरा पस्तीस झाले होते. मी काचेतून पाहिलं. मानेच्या नळीभोवतीची पट्टी पिवळी झाली होती. पुढचे सर्जन एक महिन्याने.

"नुसतं कॉम्प्युटरमधलं नाव हाय, सर," अनिलकुमार म्हणाला. "नंतर परत जोडू की."

मी चष्मा शोधला. तो कपाळावरच होता. एकेक करून सहा अंक सांगितले. अनिलकुमारने ते हातातल्या फोनवर दाबले, आणि हिरवी खूण मला त्याच्या चष्म्याच्या काचेत दिसली.

पाच मिनिटांत दार उघडलं. जगदेवी खाट ओढत बाहेर आली. गीताबाई उताणी होती, वेणी छातीवर आणून ठेवलेली. मी खाटेबरोबर चालू लागलो.

"गीता, मी इथंच बाहेर बसतोय."

ती माझ्याकडे पाहत राहिली. लग्नाच्या पंगतीत अनोळखी पाहुण्याकडे पाहतात तसं, सौजन्याने. मग तिने साडीचा पदर शोधला आणि तो नसल्यामुळे चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली.

"गुंगीचं इंजेक्शन दिलंय," जगदेवी म्हणाली. "वळखत न्हाईत थोडा वेळ."

असेल. असं होतं, मी वाचलेलं आहे.

थिएटरचं दार उघडलं. गीताबाईने मान वळवली आणि हळू आवाजात, मला ऐकू जाऊ नये अशा बेताने विचारलं,

"कोण गं हे, मंजू?"

ती डावीकडे बघून विचारत होती. जगदेवी आणि मी उजव्या बाजूला होतो.